मुक्काम हलला, दौरा चालूच

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे. सभागृहांना नावे देताना आपल्याकडे फार विचार होतो असा माझा समज नाही, पण हे नाव मात्र चपखल बसले. भाव्यांची मंडळी फिरती होती आणि वाशी हे बाहेरून येणाऱ्यांचे शहर. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, खाडीपलीकडच्या आगरी-कोळी गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर शहराची आखणी झाली, सत्तरीच्या सुरुवातीला खाडीपूल झाला आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून रेल्वे वाशीला पोहोचली. माणसे आली ती दादर-गिरगावातून, कोकणातून, घाटावरून. बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारे सातारकडचे माथाडी आले, बँकांतले आणि सरकारी कचेऱ्यांतले लोक आले. येताना सगळ्यांनी नाटकाची आवड बरोबर आणली. नाटक मंडळी मात्र कोणी आणली नाही. म्हणून इथे लागणारे व्यावसायिक नाटक बहुतेक वेळा दुपारी टेम्पोतून येते आणि रात्री टेम्पोतून परत जाते.

अशा फिरत्या नाटकाचा संसार कसा चालतो आणि रंगमंचाबाहेर त्याने कोणकोणते उद्योग केले, हे पाहायचे तर सुरुवात भाव्यांपासूनच करावी लागते. करोनाने नाटकवाल्यांना पहिल्यांदा पडद्यावर ढकलले, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती खरी नाही. हाताशी येईल ते माध्यम वापरण्याची खोड या धंद्याला जन्मापासून आहे.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी पाहिला आणि असे काही आपल्या भाषेत व्हावे म्हणून विष्णुपंतांना कामाला लावले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीता स्वयंवर’ झाले. हाच दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. त्या खेळात पदे सूत्रधार म्हणायचा, पात्रे हावभाव करायची आणि जमेल तसे उत्स्फूर्त बोलायची. राक्षसांच्या आरडाओरड्यावरून लोक या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ म्हणू लागले. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय आटला. मंडळी बाहेर पडली ती पोटासाठी. १८५३ मध्ये भावे मुंबईत पोहोचले आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा धंदा इथून सुरू झाला असे म्हणता येईल. राजा एक प्रयोग पाहून वर्षभर पोसायचा. तिकीट काढणारा प्रेक्षक एका रात्रीपुरताच पोसतो, म्हणून दुसऱ्या रात्री दुसरा प्रेक्षक शोधावा लागतो. दौरा म्हणजे हा शोध.

याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. हातपाय आणि मान हलवणाऱ्या, दोऱ्यांच्या अवघड रचनेच्या. शंभराहून अधिक वर्षांनी शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा हलत्या केल्या. म्हणजे पहिल्याच नाटककाराचा एक ‘दुसरा प्रकल्प’ होता, फक्त त्याला तेव्हा कोणी प्रकल्प म्हणत नव्हते.

पुढे किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतला’पासून संगीत नाटक मंडळ्यांचा जमाना आला. १९०८ मध्ये हुबळीत केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी, १९१८ मध्ये मास्टर दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी. या मंडळ्या गावात येत आणि राहत. हा राहण्याचा भाग महत्त्वाचा आहे. मंडळीकडे एक नाटक नसे, अनेक असत. आज ‘सौभद्र’, परवा ‘मानापमान’, पुढच्या आठवड्यात आणखी काही. बिऱ्हाड मोठे असे: नट, गवई, साजिंदे, पडदे रंगवणारे, आचारी, शिकाऊ मुले. पंगती उठत, सकाळी तालमी होत, गावातल्या हौशी मंडळींची ऊठबस चाले. एखाद्या गावात महिना-दोन महिने मुक्काम पडला की तिथले लोक नाटके पाठ करूनच सोडत. मंडळी पुढच्या गावाला गेली तरी पदे मागे राहत, कारण दारावर पदांची छोटी पुस्तके विकायला ठेवलेली असत. मग ग्रामोफोन आला. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. मैफिलीत वीस मिनिटे फुलणारे पद तेवढ्यात बसवायचे म्हणजे काय कापायचे आणि काय ठेवायचे याचा निर्णय आला. नाट्यगीत हा सुटसुटीत, नाटकाशिवायही ऐकता येणारा प्रकार आपल्या कानावर बसला, त्यात या तबकडीचा वाटा मोठा आहे. ज्यांनी बालगंधर्वांना रंगमंचावर पाहिले नाही, त्यांच्याही घरात ते गात राहिले.

पुस्तक आणि तबकडी यांनी नाटकाचे नुकसान केले नाही. चित्रपटाचे तसे नव्हते. बलवंत मंडळीने बोलपटात उडी घेतली, १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला आणि या नव्या धंद्याने तिला कर्जात लोटले. बालगंधर्वांनी १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांची भूमिका केली, प्रभातबरोबरची ती भागीदारी पुढे गेली नाही. १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले, तेव्हा वय पन्नाशीला टेकले होते. रंगमंचावर ते वय दिसत नसे. पहिल्या रांगेचा प्रेक्षकही काही हात लांब बसलेला असतो, प्रकाश पिवळसर असतो, आणि शालूची चौकट व गळ्यातला सूर मिळून एक रूप उभे राहते. कॅमेरा मात्र हातभर अंतरावर येऊन थांबतो. रंगमंचाचे सारे कसब ज्या अंतरावर उभे आहे ते अंतर त्याने काढून घेतले.

या दोन प्रकारांतला फरक मला पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली वाटतो. तबकडी मंडळीच्या पुढे किंवा मागे जात होती, मंडळी दौऱ्यावरच होती. चित्रपटाने मंडळीला दौऱ्यावरून उतरवले. चित्रीकरण चालू असताना तिकिटाचा गल्ला बंद, पंगत मात्र चालू.

मंडळ्या मोडल्या त्याला चित्रपट हे एकच कारण नव्हते, पण त्यांची कित्येक थिएटरे चित्रपटगृहे झाली हे खरे. स्वातंत्र्यानंतर जे उभे राहिले ते मंडळीपेक्षा वेगळेच होते. आजची नाट्यसंस्था म्हणजे बहुधा एक निर्माता, एक व्यवस्थापक, गोदामात ठेवलेले नेपथ्य आणि एका वेळी एक-दोन नाटके. नट पगारी नसतात. प्रत्येक प्रयोगाला त्यांची ‘नाइट’ ठरलेली असते. सकाळी मालिकेचे चित्रीकरण, संध्याकाळी प्रयोग, अशी त्यांची धावपळ. पूर्वी मंडळी एका गावात अनेक नाटके करी. आता एक नाटक अनेक गावांत जाते. मुक्काम संपला.

नेपथ्याची गोष्टही बदलली. जुने पडदे गुंडाळून बैलगाडीत टाकता येत. ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आले ते फिरत्या रंगमंचासह. खटला चालू आहे, साक्षीदार बोलतो आहे आणि रंगमंच फिरून आपल्याला त्या घटनेत नेतो. प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे लोकांना पाठ आहे, पण ते फिरते चाक सुटे करून, गाडीत भरून, गावोगावच्या वेगवेगळ्या मापांच्या रंगमंचांवर पुन्हा समपातळीत बसवणारे कामगार कोणाला आठवत नाहीत. दौऱ्याच्या नाटकात नेपथ्यकाराला दोन प्रश्न सोडवावे लागतात: हे दिसेल कसे आणि हे सुटेल कसे. दुसरा प्रश्न चुकला तर पहिल्याचे उत्तर कितीही सुंदर असो, पंचविसाव्या प्रयोगापर्यंत फळ्यांचे कोपरे झडलेले असतात.

वाशीतला एखादा रविवार घ्या. दुपारी टेम्पो मागच्या दाराला लागतो. फ्लॅट, लेव्हल, दारे-खिडक्यांच्या चौकटी, सोफा, प्रॉपर्टीच्या पेट्या उतरतात. दोन-तीन तासांत घर उभे राहते. प्रकाशवाला शिडीवर चढून स्पॉट वळवतो, कारण काल हेच नाटक ठाण्याला किंवा बोरिवलीला होते आणि तिथल्या बारचे अंतर वेगळे होते. ध्वनीवाला पुढच्या कडेला माइक मांडतो. नट येतात, रंगमंचावर चालून पावले मोजतात, एखादे वाक्य मोठ्याने टाकून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जातो का ते पाहतात. तिसरी घंटा होते, नाटक होते. प्रेक्षक गाडीतळावर पोहोचायच्या आत सोफा पुन्हा टेम्पोत असतो. उद्या पुण्याला प्रयोग असेल तर एक फायदा: कळंबोलीहून द्रुतगती मार्ग जवळ.

इथला प्रेक्षक एकसारखा नाही. दादरच्या शिवाजी मंदिरात चार पिढ्यांची सवय असते. वाशीत त्या सवयीचे तुकडे येऊन जुळलेले आहेत. मालवणी नाटकाला कोकणातले लोक कुटुंबकबिल्यासह येतात. ‘वस्त्रहरण’ घ्या. १९८० मध्ये आलेले गंगाराम गवाणकरांचे हे नाटक मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोगांपर्यंत नेले. ते आधी ध्वनिफितीत आले, मग चित्रफितीत, मग मोबाइलवर. लोकांना तात्या सरपंचाची वाक्ये तोंडपाठ आहेत आणि तरीही ते तिकीट काढतात. फुकटात बघायला मिळाले की लोक पैसे देत नाहीत, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

कॅसेटच्या काळात हे वारंवार दिसले. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच पन्नासहून अधिक पात्रे उभी करत. त्याची ध्वनिफीत औरंगाबादपासून अमेरिकेतल्या मराठी घरांपर्यंत वाजली. फितीत फक्त आवाज होते. एकाच माणसाच्या गळ्यातून एवढी माणसे निघतात हे ऐकल्यावर तो ते कसे करतो हे पाहायची ओढ लागते. ऐकणारा प्रेक्षागृहात आला तो त्या ओढीने.

याच काळात एक माणूस निराळे काम करत होता. ललितकलादर्शचे भालचंद्र पेंढारकर. संस्था वडिलांकडून आलेली. ती त्यांनी पुन्हा उभी केली, ‘दुरितांचे तिमिर जावो’सारखी नाटके दिली. पण नाटकांचे प्रयोग टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचा छंदही त्यांनी चिकाटीने जोपासला आणि उतारवयात त्या जुन्या फिती संगणकावर उतरवत बसले. विक्रीसाठी नव्हे, जपण्यासाठी. आपल्याकडे हे काम एखाद्या विद्यापीठाने किंवा शासनाने करायला हवे होते. ते एका नटाने घरच्यासारखे केले, याचे कौतुक करताना थोडी लाजही वाटायला हवी.

मार्च २०२० मध्ये थिएटरांना कुलूप लागले. दौऱ्यावर जगणाऱ्या धंद्याला याहून मोठा तडाखा नाही. नट निदान मालिकांकडे वळू शकत होते, तेही काही महिन्यांनी. सेट लावणाऱ्या कामगाराची नाइट प्रयोगाशिवाय नाहीच. त्या जुलैत हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे ऑनलाइन नाटक आणले. वंदना गुप्ते, स्पृहा जोशी आणि त्यांच्या सहकलाकार आपापल्या घरातून, आपापल्या कॅमेऱ्यासमोर, ठरलेल्या वेळी प्रयोग करत आणि प्रेक्षक तिकीट काढून आपल्या घरी तो त्याच वेळी पाहत. आधी चित्रित करून दाखवलेले हे नव्हते. चूक झाली तर सगळ्यांसमोरच.

यातली तांत्रिक अडचण समजून घेण्यासारखी आहे. संभाषणात एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू लागला की बोलणे अडखळते, असा दूरध्वनी तंत्रातला जुना मापदंड आहे. घरगुती इंटरनेटवर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विनोदी नाटकात टाळी आणि उत्तर यांच्यामधली जागा याहून बारीक असते. दोन नट वेगवेगळ्या घरांत बसून एकमेकांचे वाक्य तोडू लागले तर दोघेही उशिरा पोहोचतात. म्हणून अशा प्रयोगाला स्वगत मानवते, एकेका पात्राचे सलग निवेदन मानवते. चौघांचा गोंधळ मानवत नाही. शिवाय प्रेक्षकांपर्यंत चित्र जायला आणखी काही सेकंद लागतात. नटाने वाक्य टाकले आणि हशा पिकला तरी तो त्याला ऐकू येत नाही. हशा ऐकून क्षणभर थांबणे हे मराठी नटाचे निम्मे कसब. ते इथे निरुपयोगी ठरले. तरीही ‘मोगरा’ला मी प्रयोगच म्हणेन, कारण ठरलेली वेळ, काढलेले तिकीट आणि समोर घडते आहे ही खात्री, तिन्ही तिथे होत्या.

शासनाने निम्म्या प्रेक्षकसंख्येवर नाट्यगृहे उघडायला परवानगी दिली तो दिवस ५ नोव्हेंबर २०२० होता. पुन्हा तीच, रंगभूमी दिनाची तारीख. पुढच्या वसंतात दुसरी लाट आली, दारे पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली.

या काळात अनेकांनी जुन्या प्रयोगांची चित्रणे बाहेर काढली. त्यातली पुष्कळशी पाहवत नाहीत. कारणे साधी आहेत. शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर आरडाओरडा वाटतो. डोळा अंधार आणि उजेड एकदम सामावून घेतो, कॅमेऱ्याला ते झेपत नाही. चेहरा पांढरा पडतो आणि मागची भिंत काळी. रंगमंचावर कुठे पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवत असतो, बोलणाऱ्याऐवजी ऐकणाऱ्याकडे बघत असतो. मागे उभा केलेला एकच कॅमेरा हे स्वातंत्र्य देत नाही आणि त्याच्या बदल्यात काही देतही नाही. लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये ‘फेद्र’पासून आपली नाटके थेट चित्रपटगृहांत दाखवायला सुरुवात केली, तेव्हा त्या रात्रीपुरते कॅमेऱ्यांचे वेगळे दिग्दर्शन केले. कोणत्या वाक्याला कोणता कॅमेरा, हे आधी लिहिलेले होते. मुंबईच्या एनसीपीएत ही नाटके पडद्यावर दाखवली गेली आणि त्यांना तिकीट काढून गर्दी झाली. आपल्याकडे तसे करायचे तर पाच कॅमेरे, वेगळी प्रकाशयोजना, कॉलर माइक, दिवसभराचे भाडे आणि सर्वांच्या दुप्पट नाइट लागतील. एवढे पैसे कुठल्या रविवारच्या गल्ल्यातून काढायचे? म्हणून टेबलावर ठेवलेला कॅमेरा आणि ‘चालेल’ म्हणणारा निर्माता, यावर भागते.

हक्कांचाही गुंता आहे. लेखकाला दर प्रयोगामागे मानधन मिळते. चित्रण एकदा होते आणि हजारदा दिसते, मग त्याचा हिशेब कसा? संगीतकार, नेपथ्यकार, मूळ संचातले नट यांचे काय? जुन्या करारांत मोबाइलचा उल्लेख असणे शक्यच नव्हते.

नवी पिढी या माध्यमांत जन्मलेली, तिला अशी कुंपणे दिसत नाहीत. पुण्यात २००८ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धांतून बाहेर पडलेल्या मुलांनी ‘नाटक कंपनी’ काढली. निपुण धर्माधिकारी, अमेय वाघ, आलोक राजवाडे ही त्यातली नावे. पुढे अमेय आणि निपुण ही जोडी भाडिपा या यूट्यूब वाहिनीच्या ‘कास्टिंग काउच’ या वेबमालिकेत दिसली. २०१६ मध्ये मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेले आणि निपुण यांनी दिग्दर्शित केलेले ‘अमर फोटो स्टुडिओ’ सुनील बर्वे यांच्या ‘सुबक’तर्फे आले. त्यातले प्रमुख नट ‘दिल दोस्ती दुनियादारी’ या दूरचित्रवाणी मालिकेतले. मालिका पाहून वाढलेली विशी-पंचविशीतली मुले या नाटकाला आली. त्यातल्या अनेकांचे हे पहिले व्यावसायिक नाटक असणार. नट पडद्यावर ओळखीचे झाले आणि ती ओळख थिएटरात वसूल झाली. या ‘सुबक’नेच त्याआधी ‘हर्बेरियम’ नावाने पाच जुनी नाटके नव्या संचात, प्रत्येकी २५ प्रयोगांपुरती केली होती. प्रयोग मोजकेच आहेत हे आधी सांगून टाकल्यावर लोक ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणत नाहीत.

उलटा प्रवासही झाला. झी मराठीसारख्या वाहिनीने २०१८ मध्ये ‘हॅम्लेट’ रंगमंचावर आणले आणि मतकरींचे ‘अलबत्या गलबत्या’ मुलांच्या नव्या पिढीसमोर ठेवले. ज्या माध्यमाने नट पळवले म्हणून नाटकवाले कुरकुरत, तेच पैसे घेऊन दारात आले. तिकीटही हातातल्या फोनवर आले. पूर्वी बुकिंग खिडकीवर कागदी प्लॅन पसरलेला असे आणि खिडकीतला माणूस ‘काका, तुम्हाला कडेची देतो’ म्हणे. कोणाच्या गुडघ्याला काय होते हे त्याला ठाऊक असे. आता १२,५०० हून अधिक प्रयोग गाठलेल्या प्रशांत दामल्यांनीही ‘तिकिटालय’ नावाचे अ‍ॅप काढले. अ‍ॅपला गुडघा कळत नाही, पण कोण किती दिवसांनी नाटकाला येतो हे कळते. निर्मात्याला आजवर न मिळालेली माहिती ही.

नाट्यसंस्थेच्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर दोन प्रयोगांच्या मध्ये काय येते ते पाहा. रंगपटातली थट्टा, दौऱ्याच्या बसमधल्या अंताक्षरीचे तुकडे, एखाद्या पदाचा अर्धा मिनिट, प्रयोगानंतर डोळे पुसणाऱ्या आजीची प्रतिक्रिया, आणि खाली पुढच्या तारखा. ‘संगीत देवबाभळी’ची गाणी अशीच फिरली, दोन नटींचे, तुकारामांच्या आवलीचे आणि विठ्ठलाच्या रखुमाईचे ते नाटक ज्यांनी पाहिले नव्हते त्यांनाही त्यातले सूर ओळखता येत. मंडळी महिनाभर गावात राहून जे करी, ते काम हे तुकडे करतात. नाटक सोमवारी नाशिकला असते, पण कोपरखैरण्यातल्या माणसाच्या खिशात मुक्कामाला असते.

अडते ते तारखांवर. प्रेक्षकाला सोयीचे शनिवार-रविवार तेवढेच, आणि नवी मुंबईएवढ्या लांबलचक शहरात चालू नाट्यगृहे बोटांवर मोजण्याइतकी; पनवेलचे वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह धरले तरी. शाळांची स्नेहसंमेलने, संस्थांचे वर्धापनदिन, राजकीय मेळावे यांनाही तेच सभागृह हवे असते. ऐरोली-घणसोलीकडच्या माणसाला वाशी गाठण्यापेक्षा कधी ठाणे सोपे पडते, तर उलव्याचा माणूस रात्री साडेअकराला घरी कसे जायचे याचा विचार करून तिकीट न काढताच फोन बाजूला ठेवतो. जाहिरात त्याच्यापर्यंत नीट पोहोचलेली असते. शेवटची बस निघून गेलेली असते.